मारबत परत आणणारं कुत्रं

सासऱ्यांना घरात दोन प्राणी नको होते. एक मी आणि दुसरं माझं कुत्रं. मला हलवणं अवघड होतं, कारण त्यांच्या एकुलत्या एका मुलीशी माझं लग्न लागलेलं होतं. कुत्र्याचं कुणाशी लागलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी सुरुवात तिथून केली.

मी मूळचा पुण्याकडचा. करखात्यात कारकून म्हणून चिकटलो, सत्तर सालाच्या आसपास नागपूरला बदली झाली, आणि रामदासपेठेत ज्या घरात भाड्याने खोली घेतली त्याच घरात जावई झालो. खोली तीच राहिली, फक्त भाडं बंद झालं. 'भाडं बंद झालं' हे सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर सांगत. स्वतः ते ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची सावनेरजवळ संत्र्याची बाग होती, दारात एक जुनी जीप होती आणि समोरच्याला एका शब्दात गार करण्याची कला होती. मला ते 'जावईबापू' म्हणत. शब्द मानाचाच आहे. पण त्यांच्या तोंडून तो आला की आपण चपला घालूनच देवघरात शिरलो की काय, असं वाटून मी पायांकडे बघायचो.

कुत्रं मला एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हरकडून मिळालं होतं. तो कायमचा मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाला आणि जाताना डोळ्यांत पाणी आणून त्यानं कुत्र्याची दोरी माझ्या हातात दिली. काळंभोर, लोंबत्या कानांचं, तोंडावर कायम खूश भाव. त्याला इंग्रजीखेरीज भाषा येत नव्हती आणि एकच काम येत होतं. माणसानं फेकलेली वस्तू धावत जाऊन आणायची, पायाशी ठेवायची आणि शाबासकीची वाट बघत बसायचं. ते भुंकत नसे. चावणं तर त्याच्या गावीही नव्हतं. पण फेकलेलं म्हणजे नको असलेलं, ही साधी गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती.

नागपुरात माणसं खूप काही फेकतात. शेजारणीनं गायीला टाकलेली शिळी पोळी तिच्याच उंबऱ्यावर परत येई. समोरच्या वकिलांनी रागानं मांजराला मारलेली चप्पल त्यांना पक्षकारासमोर परत मिळे. हे सगळं खपलं असतं. पण एकदा सासऱ्यांनी पिंजऱ्यात मेलेला उंदीर शेपटीला धरून कंपाउंडबाहेर भिरकावला आणि हात धुऊन वर्तमानपत्र उघडून बसले. कुत्र्यानं उंदीर आणून अग्रलेखावर ठेवला.

"बस झालं," सासरे म्हणाले. आवाज चढला नव्हता, ही वाईट खूण होती. "पोळा झाला का हे कुत्रं बागेवर जाईन. तिथं साखळीले राहीन. वांदरं तरी हाकलंन."

"मामाजी, ते भुंकत नाही."

"शिकंन. डुक्कर अंगावर आलं का सगळे शिकते."

बागेतल्या आधीच्या कुत्र्याला रानडुकरानं फाडलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी तावातावानं सांगितलं, की कुत्रं शिस्तीचं आहे, चूक त्याची नाही, त्याला मोकळ्या जागेत नेलं तर कुणाचीही तक्रार येणार नाही. एका मुक्कामात सिद्ध करून दाखवतो. सासरे म्हणाले, जावईबापूंनी आजवर काय काय सिद्ध करून दाखवलं त्याची यादी लहान आहे, वाचायला वेळ लागणार नाही.

शेवटी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला कुत्र्याचा लळा नव्हता. पण आम्हा दोघांचा आवाज तिला त्याच्यापेक्षा जास्त नकोसा होता. "एक रात्र बाहेर राहून पाहा," ती म्हणाली. "कोणाचीच तक्रार नाही आली तर कुत्रं घरी राहीन. आली, तर तिथूनच बागेवर. मग अहो, तुम्हीही तोंड नाही उघडायचं, अन् बाबा, तुम्हीही नाही."

सासरे लगेच कबूल झाले. इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाहेर राहायची सोय माझ्याकडे होती. सासऱ्यांचा माझ्यावरचा दुसरा राग तोच होता. कामठीच्या मिलिटरी लिलावात मी जीपमागे जोडायचा एक दोनचाकी ट्रेलर घेतला होता. का घेतला, हे मला आजही सांगता येणार नाही. बोली वर जात होती आणि माझा हातही. मग एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिलं. नदीकाठी असाच ट्रेलर, त्यावर तंबू, बाजूला कुत्रं, खुर्चीत बसलेला गोरा माणूस पाइप ओढतोय. मी प्लायवूड आणून ट्रेलरमध्ये घडीचा पलंग केला, स्टोव्हसाठी फळी ठोकली, वर ताडपत्रीचं छत उभारलं. महिनोन्‌महिने रविवार त्यात घातले. शेवटी त्याला पांढरा रंग दिला. पांढरा स्वच्छ दिसतो, एवढाच विचार होता. रंग वाळल्यावर गल्लीतली म्हातारी माणसं ट्रेलरसमोरून जाताना हात जोडायला लागली. शववाहिका आहे, असा समज झाला होता. एकानं तर घरी येऊन चौकशी केली, की दिवसाचं भाडं काय.

पोळ्याला सासरे दरवर्षी बागेवर बैलांची पूजा करायला जात. त्या वर्षी आम्ही तिघं आणि कुत्रं असे निघालो, मागे ट्रेलर. बागेवर पूजा झाली, बैलांना पुरणपोळी भरवली. बाग सांभाळणारा सालदार कुत्र्याभोवती फिरला, त्याचा जबडा उघडून पाहिला आणि म्हणाला, "धाडून द्या मालक. मी खुटा ठोकून ठेवतो." सासऱ्यांनी त्याला खुंट्याची जागासुद्धा दाखवली. मी दुसरीकडे बघितलं.

तिथून परतीच्या रस्त्यावर नदीकाठी एक छोटी सरकारी बाग होती. दोन सिमेंटचे बाक, एक मोडका झोपाळा, बोगनवेलीची कमान आणि तिच्याखाली खाटेवर चौकीदार. बागेला लागून एक पायवाट गावाकडून येऊन नदीत उतरत होती. पलीकडे गाव, अलीकडे आम्ही, मध्ये एक शेंदूर लावलेला दगड. मी दगड पाहिला. मला तो देखणा वाटला. त्याच्याच शेजारी मी ट्रेलर लावायला सांगितला, कारण मासिकातल्या चित्रातही एक दगड होता.

चौकीदार आला. त्यानं ट्रेलरला आधी नमस्कार केला, मग आत पलंग बघून त्याचा चेहरा बदलला.

"हे काय होय गा साहेब?"

"आम्ही इथं मुक्काम करणार आहोत."

"इथं? बगीचा हाये हा, धरमशाळा नाही."

"सरकारी आहे ना? मग मीही सरकारी आहे."

 तो म्हणाला, "ऐका साहेब, आज राहाले माझी ना नाही. पन उद्या कर हाये. सकाळी तुम्ही इथून उठून जा."

आता, करखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसासमोर 'कर' हा शब्द उच्चारणं म्हणजे म्हशीसमोर सरकी ठेवणं. मी छाती पुढे काढली. "कर? कसला कर? बागेत बसायला कर लावायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला?"

"अधिकार कोन देईन बाप्पा? दरसाली असते."

"दरसाली वसूल करता? आणि पावती?"

"पावती काहाची?" त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते. त्यांनी आकाशात काहीतरी बघायला सुरुवात केली.

"पावती नाही म्हणजे हा कर बेकायदेशीर आहे," मी म्हणालो. "मी त्याच खात्यातला आहे. बघतोच, उद्या सकाळी इथं कोण कर घेऊन येतो ते."

"येते ना, सारं गाव येते," चौकीदार म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आता राग कमी आणि कीव जास्त होती. "मी सांगतलं, माझं काम झालं. मंग मले बोल लावू नका." आणि खाट उचलून तो चक्क घरी निघून गेला. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती तेव्हा नदीवरून पाण्याची कळशी भरून येत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला विदर्भात कर म्हणतात, हे मला माहीत असायला हवं होतं. पंचांगात मी करिदिन वाचला होता. पण ऑफिसात रोज शंभरदा कानावर पडणारा शब्द नदीकाठी दुसऱ्या अर्थानं येईल, हे कारकुनाच्या डोक्यात येत नाही.

संध्याकाळ भांडणात गेली. स्टोव्हला पिन मिळेना. खाली चिखल होता. सासऱ्यांनी पलंगावर बसून पाहिलं आणि विचारलं, की हा पलंग जिवंत माणसासाठी आहे ना. बायको म्हणाली, तोंड न उघडायचं ठरलं होतं. सासरे म्हणाले, मी तक्रार नाही करून राहिलो, चौकशी करून राहिलो. कुत्रं मात्र देवासारखं वागलं. कुणी काही फेकलंच नाही, तर ते काय आणणार? झोपताना मी मनात म्हटलं, जिंकलो.

सकाळी मी बनियनवर, तोंडात कडुनिंबाची काडी, नदीकडे तोंड करून उभा होतो. बायको चहा करत होती. सासरे बाकावर बसले होते, हातात छत्री, अंगावर धुतलेला शर्ट, जणू कीर्तनाला पुढची जागा धरून ठेवलेली. गावाकडून गलका ऐकू आला. आधी पोरांचा, मग डफड्याचा, मग बायाबापड्यांचा. पायवाटेवरून सगळं गाव पळत येत होतं. प्रत्येकाच्या हातात पळसाची फांदी. पुढे दोघांनी काठीवर धरलेली चिंध्यांची एक बाई, तोंड काजळानं रंगवलेलं, गळ्यात फुटक्या वहाणांची माळ. आणि एकच आरोळी :

"खोकला-खासी, माश्या-मच्छर, घेऊन जा गे मारबत!"

"रोगराई, इडापिडा, घेऊन जा गे मारबत!"

मारबत नागपूर शहरातही निघते, मोठी निघते. पण मी ती ऑफिसच्या गॅलरीतून पाहिलेली. गावातली रीत सोपी आणि कडक असते. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्यांत घरातली सगळी पिडा उतरते. करीच्या सकाळी त्या फांद्या आणि ती चिंध्यांची बाई, म्हणजेच मारबत, गावाच्या शिवेपार नेऊन फेकायच्या आणि मागे वळून न बघता घरी यायचं. वळून पाहिलं तर पिडा मागे येते.

तो शेंदरी दगड म्हणजे शीव. त्याच्या पार म्हणजे माझा ट्रेलर.

लोकांनी ट्रेलर पाहिला, क्षणभर अडखळले. पण मारबत हातात धरून थांबता येत नाही. त्यांनी आरोळी ठोकली आणि सगळं आमच्या अंगावर भिरकावलं. फांद्या, चिंध्यांची बाई, वहाणा, एक फुटकं मडकं. एक फांदी चहाच्या भांड्यात पडली. मग सगळे पाठ फिरवून गावाकडे चालू लागले.

कुत्र्यानं इतकं सुख जन्मात पाहिलं नव्हतं. सगळं गाव त्याच्यासाठी फेकत होतं. मी ओरडेपर्यंत ते एक फांदी तोंडात धरून गर्दीच्या मागे पळालं, गर्दीच्या पुढे गेलं, आणि सगळ्यात पुढे चालणाऱ्या एका बाईच्या पायाशी ती ठेवून, शेपूट हलवत बसलं.

बाई किंचाळली. लोक थांबले. मागे बघायचं नसतं आणि समोर तर पिडाच येऊन बसलेली. तेवढ्यात कुत्रं पुन्हा पळालं आणि दुसऱ्या खेपेला चिंध्यांची बाई कमरेत धरून घेऊन आलं. प्रामाणिक कुत्रं होतं. एक आणून थांबणाऱ्यांतलं नव्हतं.

मी बनियनवर धावत सुटलो. "ड्रॉप! ड्रॉप!" ओरडलो. त्यानं आज्ञा पाळली. चिंध्यांची बाई गावाच्या आत, एका काठीवाल्या म्हाताऱ्याच्या पायाशी टाकली. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? कुत्र्याचा पट्टा धरला असता. मी त्या बाईच्या पायाशी पडलेली फांदी उचलली आणि सगळ्या गावादेखत लांब नदीत फेकून दिली.

पाण्यातून आणायला तर त्याला फार आवडे.

ते फांदी घेऊन ओलं होऊन आलं, माझ्यासमोर ठेवली आणि अंग झटकलं. मारबतीचं पाणी पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या अंगावर उडालं. त्यानंतर कुणी मागे वळून न बघण्याचा प्रश्न राहिला नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"कोन होय हा माणूस?"

"काहून आनली रे आमची पिडा वापस?"

"आनली कुत्र्यानं, फेकली यानं, पुन्हा आनाले लावली यानंच! मी पाह्यलं!"

"करनी करून राहिला हा. गाडीचा रंग पाहा ना, मुर्द्याचा!"

कुणीतरी काठी आपटली. मी सांगू लागलो, की हा कुत्र्याचा स्वभाव आहे, त्याला मराठी कळत नाही. त्यावर एक जण म्हणाला, "मंग त्याले इंग्रजीत सांग ना, का आमच्या गावात नको येऊ." हे सगळ्यांना पटलं. पण हसलं कुणी नाही.

ती पहिली बाई मात्र ओरडत नव्हती. ती जवळ आली. "माझ्या बैलाले तोंडखुरी झाली," ती म्हणाली. "काल पोळ्यात एकटा बैल उभा केला मी. जोडी नाही. लोकं पाहत होते. ही फांदी त्याच्या गोठ्यातली होय. त्याच्या तोंडावरून फिरवून आनली होती मी." मग तिनं कुत्र्याकडे बोट केलं. "हे इथं दिसलं ना पुन्हा, तर मी स्वतः मारीन त्याले. तुमच्यासमोर मारीन."

आता कुठं मी कुत्र्याचा पट्टा धरला.  बैलाचं पुढं काय झालं तेही मला माहीत नाही; त्या गावात चौकशीला जायची सोय उरली नाही.

तोवर सासरे छत्री टेकत आले होते. मला वाटलं, माणूस इथला, भाषा इथली, आता सावरून घेतील. ते त्या काठीवाल्या म्हाताऱ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर हाये तुमचं. चौकीदारानं सांगतलं होतं जावईबापूले, का कर हाये, उठून जा. हे नाही ऐकले. पावती मागून राहिले होते."

"कराची पावती?" म्हातारा म्हणाला.

"हौ."

म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढची शिक्षा त्या नजरेपेक्षा सौम्य होती. ज्याच्या कुत्र्यानं आणली त्यानंच ती नदीच्या वाळूत नेऊन जाळायची. आगीतून तर आणत नाही ना तुमचं जनावर? मी कबूल झालो. बायकोनं कुत्र्याला जीपला बांधलं. तिनं माझ्याशी बोलणं थांबवलं होतं. मी एकेक फांदी गोळा केली, चिंध्यांची बाई खांद्यावर घेतली, आणि गाव शिवेवर उभं राहून बघत राहिलं.

भाद्रपदाच्या तोंडावर तोडलेला पळस. तो जळतो होय? नुसता धूर. स्टोव्हमधलं रॉकेल ओतलं, भपकन पेटलं आणि विझलं. शिवेवरून आवाज आला, "जळल्याशिवाय जाऊ नका जी!"

"सुकं लाकूड लागंन," सासरे म्हणाले, आणि ट्रेलरकडे पाहिलं.

"मामाजी, तो पलंग—"

"हौ, तोच. मस्त सुकलेला हाये. पान्हा कुठी ठेवता तुम्ही?"

जीपचं बॉनेट कधी न उघडणारा तो माणूस बाह्या सारून ट्रेलरमध्ये शिरला. माझ्या कित्येक महिन्यांच्या रविवारांचे नट-बोल्ट त्यानं एकेक करून सोडवले, तेही शीळ घालत. आधी पलंग गेला, मग फळी, मग छताच्या पट्ट्या. पांढरा रंग जळताना फुगे येतात आणि वास भयंकर येतो. मारबत व्यवस्थित जळाली. गावानं एकदा शेवटची आरोळी दिली, "घेऊन जा गे मारबत!" ती बाईला उद्देशून होती की मला, हे कळायला मार्ग नव्हता, कारण त्या वेळी आम्ही जीपमध्ये बसत होतो.

रस्त्याला लागल्यावर सासऱ्यांनी जीप नागपूरऐवजी बागेकडे वळवली. "तक्रार आली," एवढंच म्हणाले.

"एक तक्रार," मी म्हणालो.

"एक गाव," ते म्हणाले.

बायको मागे बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, चौकीदार कर हाये म्हणून बोलला तेव्हा तुम्ही तिथं होते?"

"होतो ना."

"मग काहून नाही सांगितलं यांना?"

"जावईबापू करखात्यात हायेत," सासरे म्हणाले. "मी कोन त्यायले कर शिकवनारा?"

 मी मागे वळून पाहिलं नाही. तो धडा मी सकाळीच घेतला होता. पण बायकोचा हात कुत्र्याच्या पट्ट्यात अडकलेला मला आरशात दिसला. "शर्त तर शर्त," ती म्हणाली. "पण तुम्ही खोटं खेळले बाबा." तरी जीप चालत राहिली. अट तिनं स्वतः घातली होती, मोडायची कशी?

बागेच्या फाटकाशी सालदार उभा होता. खुंटा ठोकून झाला होता, शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. मी उतरलो, कुत्र्याला उतरवलं. ते खुशीत सालदाराच्या हाताला चाटू लागलं. दोरी त्याच्या हातात दिली की संपलं.

आणि सासऱ्यांना राहवलं नाही.

माणूस जिंकल्यावर गप्प बसला तर अर्धी मजा जाते. ते जीपच्या पायरीवर बसले आणि सालदाराला सकाळची हकिगत सांगू लागले. मी आजवर खूप ठिकाणी खूप गोष्टी रंगवून सांगितल्या आहेत, पण तसं सांगणं मी पुन्हा ऐकलं नाही. माझा आवाज, माझं बनियन, 'पावती कुठंय' म्हणतानाची माझी छाती. सगळं आलं. मग कुत्रं फांदी कसं तोंडात धरून आलं, चिंध्यांची मारबत कशी कमरेत धरून आणली, पाण्यात जाऊन फांदी पुन्हा कशी आणली, हे त्यांनी उठून, हातवारे करून दाखवलं. माझ्या जिभेवर चार दुरुस्त्या आल्या होत्या. त्या मी गिळल्या. त्या दिवशी केलेलं तेवढं एकच शहाणपणाचं काम.

कारण सालदार हसत नव्हता. त्यानं आपला चाटलेला हात धोतराला पुसला होता.

"मालक," तो म्हणाला, "याच तोंडात धरली होती?"

"अरे याच तोंडात! अशी!"

"आजच्या करीची मारबत?"

सासरे थांबले. हात हवेतच राहिले.

"मंग मी हे कुत्रं बगीच्यात नाही घेत," सालदार म्हणाला. "आधीच फळ गळून राहिलं. बहार तोंडावर हाये. उद्या झाडं वाळली तर तुम्ही मलेच इचारसान."

"अरे, मी काही हे मानत नाही—"

"तुम्ही नका मानू. झाडं माझ्याच्यानं हायेत. एक तर कुत्रं राहीन नाहीतर मी."

सासऱ्यांनी बागेकडे पाहिलं. हिरवी संत्री लगडलेली होती, काही खाली पडलेली होती. तो माणूस खरोखर काही मानत नसे. पण पडलेलं फळ त्याला दिसत होतं. मागून बायको उतरली, तिनं माझ्या हातातली दोरी घेतली आणि कुत्र्याला परत जीपमध्ये चढवलं. "बागेवर जाईन असं ठरलं होतं बाबा," ती म्हणाली. "बागेनं नाही घेतलं. आता घरी."

 नागपूर येईपर्यंत ट्रेलर मागे रिकामा खडखडत होता. फाटक उघडताना सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू द्या. पण माझ्या चुलीवर मारबतीचं जेवन नाही होणार. त्याची भाकर आजपासून तुम्हीच थापा, जावईबापू."

मला वाटलं बायको काही बोलेल. तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि ती आंघोळीला निघून गेली. चौकीदारानं मला आधीच बजावलं होतं, हे तिलाही आता कळलं होतं.

मी अंगणात तीन विटांची चूल मांडली. सासरे वर्तमानपत्र घेऊन समोर बसले, पण पान उलटत नव्हते. पहिली भाकर परातीला चिकटली, दुसरी तव्याच्या काठावर दुमडली, तिसरी मात्र उतरली. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं कच्ची. मी ती फुंकून फुंकून गार केली आणि कुत्र्यासमोर ठेवली. त्यानं ती हुंगली. माझ्याकडे पाहिलं. मग नाकानं अलगद, कुणाचं मन दुखावणार नाही अशा बेतानं, माझ्याकडे सरकवली.

"खा आता, जावईबापू," सासरे म्हणाले.